‘मी तिथे होतो’

मराठी घरांतून एके काळी एक आजोबा हमखास असत. बालगंधर्वांचे नाव निघाले की ते आरामखुर्चीत सावरून बसत आणि सुरुवात करीत: तुम्ही जे रेकॉर्डवर ऐकता ना, ते काहीच नाही. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत मावणारे ते गाणेच नव्हते. नाटक रात्रभर चालायचे, पदाला एकामागून एक ‘वन्समोअर’ पडायचे आणि कितव्या तरी वन्समोअरला, पहाटेच्या सुमारास जे काही होऊन जायचे ते खरे गाणे! नातवंडांपाशी यावर बोलायला काही नसे. आजोबा तिथे होते, आपण नव्हतो. वाद तिथेच मिटे.

इंग्लंडात आज साठी-सत्तरीत पोहोचलेली अशीच एक पिढी आहे. तिच्या तोंडी नाव असते ते ‘क्वीन’ या रॉक वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचे. बालगंधर्वांचे आणि त्याचे नाव एका दमात घेतल्याबद्दल काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, याची कल्पना आहे. पण तुलना गाण्याची नाही. आठवणी सांगणाऱ्यांची आहे. बालगंधर्वांच्या मैफलींचा पुरावा कुणाकडे नव्हता, म्हणून आजोबांचा शब्द शेवटचा ठरे. फ्रेडीच्या बाबतीत पुरावा भरपूर आहे. आजोबा सांगू लागले की नातू तेवढ्यात पडद्यावर तो कार्यक्रम लावून दाखवतो. आणि गंमत अशी, की त्यामुळे वाद मिटत नाही. उलट तिथून तो सुरू होतो.

फ्रेडी आपल्याला तसा अगदीच परका नाही. १९४६ साली झांझिबारमध्ये एका पारशी कुटुंबात त्याचा जन्म झाला. नाव फारोख बलसारा. आठ वर्षांच्या सुमारास त्याला शिक्षणासाठी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाठवण्यात आले. तिथल्या मुलांनी काढलेल्या ‘हेक्टिक्स’ नावाच्या वाद्यवृंदात तो पियानो वाजवीत असे. झांझिबारमध्ये १९६४ साली क्रांती झाली, बलसारा कुटुंब लंडनजवळच्या फेल्टमला जाऊन राहिले, आणि पुढे १९७० साली ब्रायन मे व रॉजर टेलर या दोघांबरोबर ‘क्वीन’ उभा राहिला. वर्षभराने जॉन डीकन येऊन मिळाला आणि चौकडी पुरी झाली. मेची गिटार त्याने आणि त्याच्या वडिलांनी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरून घरीच बनवली होती आणि ती तो नखीऐवजी सहा पेनींच्या नाण्याने छेडत असे. फ्रेडी असताना ‘क्वीन’चा कार्यक्रम भारतात कधी झाला नाही. म्हणजे शाळेच्या समारंभात त्याचा पियानो ऐकलेले वर्गमित्र सोडले, तर ‘मी तिथे होतो’ असे म्हणण्याचा हक्क इथे फारसा कुणाला नाही. आपण सगळे या बाबतीत नातवंडेच.

‘क्वीन’च्या चाहत्यांची अधिकृत संघटना १९७४ पासून चालू आहे. असे चाहते एकत्र आले की एक प्रश्न निघतोच: त्याचा सर्वांत चांगला कार्यक्रम कोणता? ज्याने त्यातले काहीच पाहिलेले नाही, तो एका क्षणात उत्तर देतो: ‘लाइव्ह एड’. ज्याने पाच-सहा पाहिले आहेत तो मात्र विचारात पडतो.

‘लाइव्ह एड’चे उत्तर चुकीचे आहे असे कुणी म्हणणार नाही. इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी बॉब गेल्डॉफ आणि मिज युर यांनी १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर आणि अमेरिकेत फिलाडेल्फियाला एकाच दिवशी ही मैफल उभी केली. वेम्ब्लीवर बहात्तर हजार माणसे होती आणि जगभर दूरचित्रवाणीपुढे कोट्यवधी. ‘क्वीन’ला संध्याकाळी पावणेसातच्या आधी वेळ मिळाली, म्हणजे लंडनच्या उन्हाळ्यातला लख्ख उजेड. धूर नाही, रंगीत दिव्यांचा खेळ नाही. मिनिटे वीस. बाकीच्या अनेकांनी हा धर्मादाय कार्यक्रम म्हणून हातात येईल ते गायले; या चौघांनी मात्र आधी नाट्यगृह घेऊन घड्याळ लावून तालीम केली होती. फ्रेडी पियानोवर बसला, ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा पहिला भाग झाला, तो उठला, आणि ‘रेडिओ गा गा’ सुरू झाल्यावर त्या अफाट गर्दीचे हात एकदम वर जाऊन टाळी पडली. ही गर्दी ‘क्वीन’ची नव्हती. दिवसभरात डझनावारी कलावंत यायचे होते, कुणी कुणासाठी आले होते. तरी सर्वांना टाळी कुठे द्यायची ते ठाऊक होते. नुसत्या ‘ए... ओ’ अशा आलापाने त्याने बहात्तर हजार लोकांना प्रश्न विचारला आणि उत्तर काढून घेतले. गुरू शिष्याला पलटा घोटून घेतो ना, तसे.

हे सारे खरे आहे, आणि चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहावी अशीच आहे. पण २०१८ साली आलेल्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या चित्रपटाने या वीस मिनिटांवर जो कळस चढवला, तो मात्र जुन्या चाहत्यांना खुपतो. चित्रपटात वाद्यवृंद फुटलेला आहे, मंडळी वर्षांनी एकत्र येत आहेत आणि फ्रेडीला आपल्या दुर्धर आजाराची कल्पना आहे, असे दाखवले आहे. वस्तुस्थिती अशी, की ‘क्वीन’चा जगभराचा दौरा जेमतेम दोन महिन्यांपूर्वी, मे १९८५ मध्ये, जपानात संपला होता. आणि त्याच्या अखेरच्या वर्षांतल्या जोडीदाराने लिहिले आहे त्यावरून, आजाराचे निदान झाले ते १९८७ साली. नाटकाला कळस लागतो हे आम्ही समजू शकतो. पण वेम्ब्लीवर त्या दिवशी असलेल्या माणसाला आज जर आठवू लागले, की त्याच्या डोळ्यांत मरणाची छाया होती, तर ती आठवण त्याची नाही. चित्रपटगृहातून घरी आणलेली आहे. आणि असे बोलणारे भेटतात.

आता जे बरेच कार्यक्रम पाहिलेले आहेत, त्यांच्याकडे वळू. त्यांची पहिली पसंती बहुधा आपल्या पहिल्या कार्यक्रमाला असते, आणि त्यात वावगे काही नाही. ज्येष्ठांपैकी काही जण १९७५ सालच्या नाताळच्या आदल्या रात्रीचे नाव घेतात. लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमधला तो कार्यक्रम बीबीसीने दूरचित्रवाणी आणि रेडिओ अशा दोन्हींवरून थेट प्रक्षेपित केला होता. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ तेव्हा इंग्लंडच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर ठाण मांडून बसली होती. त्या रात्रीच्या चोरट्या ध्वनिफिती पुढे चाळीस वर्षे हातोहात फिरल्या. अधिकृत ध्वनिमुद्रण बाजारात आले ते २०१५ साली. नवे मुद्रण स्वच्छ आहे, यंत्राने पुसून लख्ख केलेले आहे. तरी खरखरणारी जुनी कॅसेट जपून ठेवणारे आहेत. आपल्याकडे वसंतराव देशपांड्यांच्या खाजगी बैठकीच्या कॅसेटची चौथी प्रत बाळगणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.

या कार्यक्रमांतली एक गोष्ट आज ऐकणाऱ्याला नवल वाटावी अशी. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या मधल्या भागात एकावर एक चढवलेल्या आवाजांचे जे ऑपेरासारखे प्रकरण आहे, ते चार माणसांना रंगमंचावर गाणे शक्यच नव्हते. मग पुढच्या दौऱ्यांतून त्यांची रीत अशी ठरली, की तेवढा भाग टेपवर लावायचा आणि चौघांनी सरळ आत निघून जायचे. तो संपला की गिटारच्या गजरात बाहेर यायचे. आमची ही गाणी यंत्राने बनवलेली आहेत, हे त्यांनी लपवले नाही. आज ओठ हलवून वेळ मारून नेणारे गायक पाहिले म्हणजे हा सरळपणा मोठा वाटतो.

१९७६ च्या सप्टेंबरात हाइड पार्कमध्ये फुकट कार्यक्रम झाला. दीड लाख माणसे आली असा अंदाज सांगतात. वेळ उलटून गेली होती, पोलिसांनी आणखी एकही गाणे होऊ दिले नाही, आणि एवढा समुदाय अंधारात चाचपडत घरी गेला. ज्यांना तो सर्वांत चांगला वाटतो ते मुख्यतः या अंधाराबद्दलच बोलतात. न झालेले गाणे झालेल्या गाण्यांहून लक्षात राहिले.

पण आम्हांला विचाराल तर या सगळ्यांत महत्त्वाचा प्रसंग घडला तो लंडनमध्ये नाहीच. स्टॅफर्डजवळ बिंगली हॉल नावाचे मोठे सभागृह आहे. तिथे १९७७ साली कार्यक्रम संपला, चौघे आत गेले, आणि प्रेक्षक जाण्याऐवजी फुटबॉलच्या मैदानावर म्हणतात ते ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ एकसाथ गाऊ लागले. त्या काळी रॉकच्या कार्यक्रमात प्रेक्षकाने गावे अशी अपेक्षा नसे. त्याने ऐकावे, डोके हलवावे, टाळ्या वाजवाव्यात. ब्रायन मेने पुढे अनेकदा सांगितले आहे, की त्या रात्री आपल्या मनात आले: लोक गाणारच असतील, तर त्यांच्यासाठी जागा ठेवून गाणे का लिहू नये? दाटीवाटीत उभ्या असलेल्या माणसाला काय करता येते? पाय आपटता येतात, टाळी वाजवता येते, गाता येते. ‘वी विल रॉक यू’ निघाले ते त्यातून. त्याच्याच जोडीला फ्रेडीने ‘वी आर द चॅम्पियन्स’ लिहिले. दोन पाय आणि एक टाळी. याहून साधा ठेका नसेल. वारीत टाळकऱ्यांमध्ये नवखा माणूस घुसला तरी दहा पावलांत त्याला पाऊल सापडते, इथेही तसेच.

इथून पुढे फ्रेडीचा कार्यक्रम म्हणजे निम्मा त्याचा आणि निम्मा समोरच्यांचा. १९८१ च्या मार्चमध्ये ब्राझीलच्या साओ पाउलो शहरात मोरुंबी स्टेडियमवर पहिल्या रात्री सव्वा लाखाहून अधिक माणसे होती. पोर्तुगीज बोलणारी. मेने ‘लव्ह ऑफ माय लाइफ’चे सूर छेडले आणि त्या माणसांनी ते इंग्रजी गाणे पहिल्यापासून अखेरपर्यंत म्हटले. फ्रेडी नुसता उभा राहिला. त्या तरुण-तरुणींपैकी किती जणांना शब्दांचा अर्थ कळत होता, कोण जाणे. पुढे १९८६ च्या जुलैत बुडापेस्टच्या नेपस्टेडियनवर त्याने याची परतफेड केली म्हणा ना. हंगेरीत तेव्हा साम्यवादी राजवट होती; पाश्चात्त्य रॉक वाद्यवृंदाचा एवढा मोठा कार्यक्रम ही तिथे नवलाईची गोष्ट. ऐंशी हजार लोकांपुढे त्याने त्यांचे एक लोकगीत मॅजरमध्ये म्हटले. शब्द तळहातावर लिहून आणले होते आणि चोरून बघण्याचे नाटक न करता तो उघड उघड हात पाहून म्हणत होता. परीक्षेला कॉपी करणारा मुलगा पकडला जातो तेव्हा जे हसू येते, ते त्या लोकांच्या तोंडावर फुटलेले चित्रफितीत दिसते. आणि लगेच ते त्याच्याबरोबर गाऊ लागतात.

हे सांगताना कुणी ज्यांची नावे काढत नाही अशा रात्रीही आहेत. १९८४ च्या ऑक्टोबरात ‘क्वीन’ दक्षिण आफ्रिकेत सन सिटीला गेला. वर्णद्वेषी राजवटीवर संयुक्त राष्ट्रांनी सांस्कृतिक बहिष्कार पुकारलेला असताना गेला. आम्हांला राजकारण कळत नाही, आम्ही लोकांसाठी वाजवतो, असा त्यांचा बचाव होता. इंग्लंडच्या वादक संघटनेने दंड केला. तिथे फ्रेडीचा घसा बसला आणि काही कार्यक्रम रद्द करावे लागले, म्हणजे गाण्याच्या दृष्टीनेही ती सहल फसलीच. झांझिबारमध्ये जन्मलेल्या, पाचगणीत वाढलेल्या, गोऱ्यांच्या देशात आपले खरे नाव मागे ठेवून जगलेल्या माणसाने हे का केले असेल, हा प्रश्न आम्हांला अजून सुटलेला नाही. चाहते या विषयावर बोलत नाहीत. आवडत्या माणसाच्या आठवणी सांगताना आपणही घरातले काही विषय टाळतो. पण टाळले म्हणून ते नव्हते असे होत नाही.

उरला १९८६ चा उन्हाळा. हा शेवटचा दौरा. अर्थात तेव्हा तो शेवटचा आहे हे कुणाला माहीत नव्हते. वेम्ब्लीवर ११ आणि १२ जुलैला लागोपाठ दोन कार्यक्रम झाले. पहिल्या दिवशी, शुक्रवारी, पाऊस पडला. दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाची चित्रफीत निघाली आणि जगभर घरोघर पोहोचली: पिवळे जाकीट, अर्धवट दांड्याचा माइक, शेवटी मुकुट आणि झगा. शुक्रवारी भिजलेले लोक आजही जरा फुरंगटून सांगतात, की खरा कार्यक्रम आमचा होता, तुम्ही पाहता तो शनिवारचा. आमचे मत या शुक्रवारवाल्यांच्या बाजूने आहे. ते बरोबर आहेत म्हणून नव्हे, तर ज्यांच्या आठवणीला वर्षानुवर्षे चित्रफितीचा आधार नव्हता त्यांना ती स्वतःच सांभाळावी लागली, आणि सांभाळताना ती त्यांची होऊन गेली, म्हणून. शनिवारच्या माणसाला विचारा, तो काय सांगतो? पिवळे जाकीट सांगतो. ते आपणही पाहिलेलेच आहे. शेजारी कोण उभे होते, घरी परतायला किती वाजले, खिशात किती पैसे उरले होते, हे कॅमेऱ्याने टिपलेले नाही, आणि हळूहळू तोही ते विसरत चालला आहे.

दौऱ्याचा अखेरचा कार्यक्रम ९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थच्या मैदानावर झाला. एक लाख वीस हजारांचा अंदाज सांगतात. ‘क्वीन’च्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमांपैकी एक, आणि नेमका त्याचाच पुरा चित्रपट कुणी काढून ठेवला नाही. त्या गर्दीत चाकूहल्ल्यात एक तरुण मरण पावला. त्याच्या घरच्यांना ही तारीख वेगळ्या कारणाने आठवत असेल. पाच वर्षांनी, २३ नोव्हेंबर १९९१ रोजी, फ्रेडीने आपल्याला एड्स झाल्याचे जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला. वय पंचेचाळीस. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले.

आमच्या परिचयातले एक गृहस्थ त्या काळी नोकरीनिमित्त लंडनच्या उत्तरेला राहत होते. गाण्याची आवड, पण ती नाट्यसंगीताची. कचेरीतल्या दोघा-तिघांनी तिकीट जास्तीचे आहे म्हणून त्यांना नेबवर्थला ओढून नेले. त्यांना आठवतात त्या मोटारींच्या रांगा, सकाळी जातानाच्या. परतताना काय होईल या धास्तीने त्यांचे अर्धे लक्ष गाण्यात नव्हते. ‘रेडिओ गा गा’च्या टाळ्या त्यांनी वाजवल्या, आपले हात आपण होऊन वर गेले असे ते सांगतात, आणि तेवढ्यात मित्रांनी हाताला धरून त्यांना बाहेर काढले. आता गर्दी सुटेल, त्याआधी गाडीपाशी पोहोचू. मागून दोन पाय आणि एक टाळी ऐकू येत होती. मग ते शेवटचे गाणे. गाडीपर्यंत पोहोचेतो ते संपलेही. गाडी मात्र पुढे दीड तास जागची हलली नाही.

फ्रेडी गेल्याचे त्यांनी वर्तमानपत्रात वाचले, आणि मग कितीतरी वर्षे ते नेबवर्थचे नाव काढत नसत. जगातल्या त्या शेवटच्या कार्यक्रमाला आपण होतो आणि पार्किंगसाठी उठून आलो, हे सांगायचे तरी कुणाला?

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाने इंटरनेटवरून नेबवर्थचे एक ध्वनिमुद्रण शोधून काढले. गर्दीतच कुणीतरी टेपरेकॉर्डर लपवून नेला होता. आवाज फाटका, मध्ये माणसांची बोलणी. ‘बाबा, हे ऐका, तुमचे राहिलेले गाणे,’ म्हणून त्याने ते लावले. गृहस्थ पलंगावर बसून ऐकत होते. अखेरचे गाणे सुरू झाले, लाखभर गळ्यांनी ते उचलले, तशी त्यांनी हात वर केला. मुलाला वाटले, त्यांना आवडले नाही.

‘जरा बारीक कर,’ ते म्हणाले. ‘आम्हांला इतके मोठे येत नव्हते.’